काट्यांची अक्षरे

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, बेळगावातल्या एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट तिकडेच जाई. आत गेल्याबरोबर शाईचा आणि रॉकेलचा वास येई. भिंतीलगत खिळ्यांचे लाकडी खण रचून ठेवलेले असत. हाताशी येतील अशा उंचीवर मराठीचे खण, शेजारी कानडीचे, त्याखाली इंग्रजीचे; आणि अगदी तळाशी, धूळ खात पडलेला एक खण. त्यातली अक्षरे इंग्रजीच असली तरी आमच्या क्रमिक पुस्तकातल्या इंग्रजीशी त्यांचे काही नाते दिसत नसे. प्रत्येक अक्षर काळेभोर, अरुंद आणि ताठ. वर-खाली भाल्याच्या टोकासारखे कोपरे. छापखान्याच्या यादीत या टाइपाचे नाव 'ओल्ड इंग्लिश' असे होते. आबा त्याला 'काट्यांचा टाइप' म्हणत.

हा खण वर्षातून चारसहा वेळाच उघडे. एखाद्या शाळेची प्रशस्तिपत्रके असली, किंवा कॅम्पातल्या नाहीतर खानापुराकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली लग्नपत्रिका असली, की तो बाहेर निघायचा. १९६३ की ६४ साली अशीच एक पत्रिका आली. मुलीचे वडील मूळचे गोव्याकडचे, बोलायला अगदी गोड माणूस. त्यांचा आग्रह एवढाच, की वधूवरांची नावे ठसठशीत दिसली पाहिजेत, म्हणजे सगळी अक्षरे कॅपिटलच हवीत. आबांनी तशी जुळवली. प्रूफ मालकांनी पाहिले, गिऱ्हाइकाने पाहिले. नावे आधीच ठाऊक असल्यामुळे दोघांनाही ती बिनचूक वाचता आली. दोनशे पत्रिका छापून गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ गठ्ठा घेऊन परत आले. नवऱ्या मुलाचे नाव कोणालाच लागत नव्हते! पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या आणि कागदाचे पैसे आबांच्या पगारातून कापले गेले. त्या रात्री जेवताना आबा एवढेच म्हणाले, "अक्षर वाईट नाही रे. त्याची चाल आपल्याला ठाऊक नव्हती."

पुढे मी इतिहास शिकवण्यात आयुष्य काढले. आबांचे ते वाक्य डोक्यात राहिले आणि या अक्षरांची चाल मी सवडीने शोधत गेलो. ती शोधताना जी हकीकत हाती आली, ती आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांनी ऐकावी अशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

* * *

या अक्षरांना जगभर 'गॉथिक' म्हणतात, आणि घोटाळ्याची सुरुवात नावापासूनच होते. गॉथ ही युरोपातली जुनी टोळी. इ. स. ४१० मध्ये तिने रोम लुटले. गॉथांची स्वतःची लिपी होती. चौथ्या शतकात उल्फिलास नावाच्या बिशपने बायबलच्या भाषांतरासाठी ती सिद्ध केली होती. पण आपल्या या काट्यांच्या अक्षरांशी तिचा काडीचाही संबंध नाही. मग हे नाव आले कुठून? पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीतल्या विद्वानांना प्राचीन रोमचे वेड लागले. मधल्या काळात उत्तरेकडे जे जे घडले, मग ती उंच टोकदार चर्चे असोत की ही टोकदार अक्षरे, ते सगळे त्यांना रानटी वाटू लागले. रानटी म्हणजे गॉथ, म्हणून ही अक्षरे गॉथिक. आपण एखाद्याच्या अक्षराला 'कोंबडीचे पाय' म्हणतो, त्यातलाच प्रकार. पण ती शिवीच पुढे नाव होऊन बसली.

खरे पाहता ही अक्षरे जन्मली ती गरजेतून. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या राज्यात एक गोल, मोकळे, सुवाच्य वळण प्रचारात आले होते. त्यानंतर तीनचारशे वर्षांत युरोपात विद्यापीठे उभी राहिली आणि पुस्तकांची मागणी वाढली. पुस्तके लिहायची चामड्यावर, आणि चामडे महाग. तेव्हा लेखनिकांनी अक्षरे अरुंद केली, एकमेकांना चिकटवली, गोलाई मोडून तिथे कोपरे आणले. गोल रेषा ओढायला हात वळवावा लागतो. तीच रेषा दोन-तीन सरळ फटकाऱ्यांत तोडली की प्रत्येक अक्षर एकाच ठेक्यात बसते. अशा लिखाणाने भरलेले पान लांबून विणलेल्या कापडासारखे दिसे. या वळणाला 'टेक्स्टुरा' म्हणतात, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी विणकाम असा आहे.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. शाळेत आम्ही बोरूने कित्ता गिरवत असू. बोरूचे टोक तिरके कापावे लागे, आणि गुरुजी तो काप स्वतः तपासून देत. युरोपातल्या लेखनिकाचे टोकही रुंदच, पण त्याचा कल आपल्या बोरूच्या उलट. त्यामुळे त्यांची रेघ जिथे जाड होते तिथे आपली बारीक होते. एवढा फरक सोडला तर काम तेच आणि कष्टही तेच.

जर्मनीतल्या माइन्झ शहरी गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास आपले प्रसिद्ध बायबल छापले, तेव्हा त्याच्यासमोर हेच वळण होते. नवे अक्षर शोधण्याची त्याला गरज भासली नाही. लोकांना हाताने लिहिलेली पोथी जशी दिसत आली, तशीच छापलेली दिसावी, हीच त्याची इच्छा. त्यासाठी त्याने एकाच अक्षराचे अरुंद-रुंद असे निरनिराळे खिळे ओतले, जोडाक्षरे आणि संक्षेपचिन्हे वेगळी ओतली, म्हणजे प्रत्येक ओळ दोन्हीकडून सारखी बसावी. एका पानावर दोन स्तंभ, प्रत्येक स्तंभात ४२ ओळी. सुमारे १८० प्रती निघाल्या. त्यांतल्या बहुतेक कागदावर आणि थोड्या चामड्यावर होत्या. चामड्याच्या एका प्रतीला सुमारे १७० वासरांची कातडी लागली असे जाणकार सांगतात. आबांसारख्या जुळाऱ्याला देवनागरीची शेकडो खिळ्यांची जोडणी करावी लागे. गुटेनबर्गच्या खणात मोजक्या मुळाक्षरांसाठी सुमारे २९० निरनिराळे खिळे होते, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. छपाईचा हा आद्य पुरुष आमच्या भाऊबंदकीतलाच निघाला!

* * *

गुटेनबर्गनंतर पंधरावीस वर्षांतच युरोपात अक्षरांचे दोन पंथ पडले. व्हेनिसमध्ये निकोलास जेन्सन याने १४७० साली गोल, मोकळ्या वळणाचा 'रोमन' टाइप काढला. आज इंग्रजी पुस्तकांत आपण वाचतो तो त्याचाच वंशज. जर्मन लोक या कुळाला 'आंटिक्वा' म्हणतात. इटली, फ्रान्स आणि स्पेन हळूहळू तिकडे वळले. इंग्लंडला वेळ लागला. १६११ चे राजा जेम्सच्या नावाचे प्रसिद्ध बायबलदेखील आधी काळ्या, काटेरी टाइपातच छापले गेले.

जर्मनीत मात्र वेगळेच घडले. मॅक्सिमिलियन बादशहाला स्वतःच्या ग्रंथांसाठी खास टाइप हवा होता. १५१३ साली आउग्सबुर्गच्या शोन्सपर्गर या मुद्रकाने त्याचे प्रार्थनापुस्तक छापले आणि १५१७ साली 'थॉयरडांक' हे काव्य. यांतून जे वळण रुजले त्याला 'फ्राक्टूर', म्हणजे मोडलेले, असे नाव पडले. त्याच सुमारास 'श्वाबाखर' नावाचे थोडे गोलसर, रांगडे वळणही जोरात होते. मार्टिन ल्यूथरने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर १५२२ साली छापले गेले ते याच श्वाबाखर टाइपात. ते घरोघर गेले. जर्मन माणूस वाचायला शिकला तो या अक्षरांवर, आणि ही अक्षरे त्याला आपली वाटू लागली.

पुढे एक मजेदार रीत पडली. एकाच पुस्तकात जर्मन मजकूर फ्राक्टूरमध्ये आणि मधेच लॅटिन किंवा फ्रेंच शब्द आला की तेवढाच आंटिक्वामध्ये. वाचकाला एका ओळीत दोन लिप्या वाचाव्या लागत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आपल्याकडे एकाच दुकानाच्या पाटीवर दोन-तीन लिप्या नांदतात तसेच हे. जर्मन वाचक शतकानुशतके असा दोन लिप्यांचा संसार करत होता.

पण संसारात कुरबुरी असायच्याच. कवी ग्योटेच्या आईने १७९४ साली मुलाला पत्र लिहून आनंद व्यक्त केला, की तुझी पुस्तके त्या मेल्या लॅटिन अक्षरांत निघाली नाहीत हे फार बरे झाले! उलट याकोब ग्रिम, परीकथा जमवणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला, याचे मत अगदी विरुद्ध. त्याचे म्हणणे असे, की ही अक्षरे मुळात एकट्या जर्मनांची नव्हेतच. एके काळी सारा युरोप ती वापरत होता, इतरांनी सोडली आणि आपण धरून बसलो, एवढेच. १८५४ पासून निघू लागलेला त्याचा प्रचंड जर्मन शब्दकोश त्याने हट्टाने आंटिक्वामध्ये छापवला. भाषेवर ग्रिमइतके प्रेम केलेला जर्मन शोधून सापडायचा नाही. तरी लिपी म्हणजे भाषा असे त्याने मानले नाही.

हा वाद शेवटी संसदेत पोचला. १९११ च्या मे महिन्यात शाळांत आणि सरकारी कामकाजात आंटिक्वा आणावी असा अर्ज जर्मन लोकसभेपुढे आला. भाषणे तापली. एका बाजूला जगाशी संबंध, व्यापार, परकीयांची सोय. दुसऱ्या बाजूला राष्ट्राचा आत्मा. शेवटी ८५ विरुद्ध ८२ अशा मतांनी तो प्रस्ताव पडला. तीन मतांवर अक्षरांचे भवितव्य ठरले!

* * *

आता थोडे या अक्षरांच्या चालीविषयी, कारण आबांचे वाक्य अजून बाकी आहे.

या टाइपाची सगळी ताकद त्याच्या काळेपणात आहे. अक्षराच्या आतली पांढरी जागा आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा जवळजवळ सारखी असते, त्यामुळे शब्द एकसंध ठोकळ्यासारखा उठून दिसतो. लांबून पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते. म्हणून मथळा, फलक, शीर्षपत्र यांना तो शोभतो. पण त्याची कॅपिटल अक्षरे मुळात ओळीच्या सुरुवातीला एकेकटी, नटून उभी राहण्यासाठी घडवलेली आहेत. त्यांना वेलांट्या आहेत, झालरी आहेत. अशी दहा नटलेली अक्षरे शेजारी उभी केली की कोण कुठले ते कळत नाही. नवऱ्या मुलाच्या नावाचे तेच झाले होते. पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान, ही या टाइपाची पहिली अट.

दुसरी अडचण अशी, की या कुळात तिरका टाइप नाही. मग एखाद्या शब्दावर जोर कसा द्यायचा? जर्मन जुळारी त्या शब्दातली अक्षरे पातळ पट्ट्या घालून जरा लांब लांब बसवत. ज्या अक्षरजोड्या एकाच खिळ्यात ओतलेल्या असत त्या मात्र तशाच ठेवत. या सगळ्या खाणाखुणा पोटासाठी खिळे जुळवणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपल्या.

विसाव्या शतकात या परंपरेला मोठा कारागीर लाभला तो रुडॉल्फ कोख. फ्रँकफुर्टजवळच्या ऑफेनबाख गावी क्लिंगस्पोर यांच्या टाइपाच्या कारखान्यात तो काम करी. पहिल्या महायुद्धाच्या आधीच त्याचा जाड, जोरकस असा 'डॉइचे श्रिफ्ट' टाइप बाजारात आला होता. त्याच कोखने १९२७ साली 'काबेल' नावाचा अगदी साधा, भूमितीतल्या वर्तुळ-रेषांचा टाइपही केला. एकच माणूस दोन्ही कुळांत रमत होता. १९३४ साली तो वारला.

जाता जाता नावाचा आणखी एक घोटाळा सांगतो. अमेरिकेत 'गॉथिक' म्हटले की बिनझालरीचे, सरळ काठीसारखे जाड अक्षर समजतात. १९०२ साली मॉरिस फुलर बेंटन याने केलेला 'फ्रँकलिन गॉथिक' हा त्याचा नामवंत नमुना. त्यात एकही काटा नाही. तेव्हा यादीत 'गॉथिक' वाचून टाइप मागवणाऱ्याने आधी नमुना पाहावा हे बरे.

* * *

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि राष्ट्रीय ते सारे थोर अशी हवा सुटली. फ्राक्टूर म्हणजे जर्मन रक्ताचे अक्षर, असा गाजावाजा सुरू झाला. साध्या, बिनझालरीच्या अक्षरांचा पुरस्कार करणारे संशयित ठरले. 'फ्युचुरा' या प्रसिद्ध टाइपाचा कर्ता पॉल रेनर याने नव्या राजवटीच्या सांस्कृतिक धोरणावर टीका केली होती, त्याला अटक झाली. यान चिखोल्ड या तरुण मुद्रणकाराला पकडले, सुटल्यावर तो बायकामुलांसह स्वित्झर्लंडला निघून गेला.

टाइपाच्या कारखान्यांनीही वारा ओळखला. बाजारात एकामागून एक नवे जाड गॉथिक टाइप आले. त्यांतली नावेच पाहा: 'नात्सिओनाल', 'टानेनबेर्ग'. टानेनबेर्ग म्हणजे १९१४ साली जर्मनांनी रशियनांचा पराभव केला ते रणक्षेत्र. एरिख मायर याने हा टाइप १९३३ ते ३५ च्या दरम्यान फ्रँकफुर्टच्या श्टेंपल कारखान्यासाठी केला. या नव्या अक्षरांतून जुन्या झालरी, वेलांट्या, लेखणीची लय सगळे काढून टाकले होते. उरले ते उभे, ताठ, एकसारख्या जाडीचे खांब. कवायतीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या रांगेसारखे. जर्मन जुळाऱ्यांनी या साऱ्या गोतावळ्याला एक टोपणनाव ठेवले, 'शाफ्टश्टीफेल-ग्रोटेस्क', म्हणजे गुडघ्यापर्यंतचे लष्करी बूट घातलेली अक्षरे. कामगारांची ही विनोदबुद्धी पाहून आबांची आठवण येते.

टानेनबेर्ग अक्षरे सरकारी पत्रकांवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर, रेल्वेच्या पाट्यांवर झळकली. १९३६ ते ३९ च्या दरम्यान बर्लिनमध्ये उत्तर-दक्षिण भुयारी लोकल सुरू झाली. तिच्या काही स्थानकांची नावे या अक्षरांत लागली.

आणि मग जे घडले ते एखाद्या फार्सात शोभावे. खुद्द हिटलरला हे गॉथिक वेड पसंत नव्हते. पोलाद, काच आणि काँक्रीटच्या युगाला ही जुनाट नक्कल शोभत नाही, अशा अर्थाचे तो १९३४ साली न्युरेंबर्गच्या मेळाव्यात बोललाही होता. ३ जानेवारी १९४१ रोजी त्याच्या वतीने मार्टिन बोरमान याने एक परिपत्रक काढले. त्यात म्हटले होते, की तथाकथित गॉथिक लिपीला जर्मन लिपी समजणे चूक आहे. ती वस्तुतः 'श्वाबाखर यहुदी अक्षरे' आहेत. यापुढे आंटिक्वा हीच नेहमीची लिपी राहील. कालपर्यंत जी अक्षरे शुद्ध जर्मन रक्ताची होती, ती एका रात्रीत यहुदी ठरली. आणि हे परिपत्रक ज्या कागदावर निघाले, त्याचे छापील शीर्षक फ्राक्टूरमध्येच होते!

या आरोपात तथ्य शून्य. श्वाबाखर टाइप रूढ झाला त्या काळात जर्मन शहरांतल्या धंदेवाईक संघांची दारे यहुद्यांना बंदच होती. खरे कारण वेगळे होते. १९४१ च्या आरंभी जर्मन सैन्याच्या टाचेखाली फ्रान्स, हॉलंड, बेल्जियम, नॉर्वे असे कितीतरी देश आले होते. तिथल्या लोकांना फ्राक्टूर नीट वाचता येईना. हुकूम ज्याला द्यायचा त्याला वाचता आला पाहिजे, एवढा साधा हिशेब. पण चूक कबूल करण्यापेक्षा दोष यहुद्यांवर ढकलणे त्या राजवटीच्या अंगवळणी पडले होते. ज्यांच्यावर ढकलला, त्या माणसांचे पुढच्या चार वर्षांत काय झाले हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. अक्षरांची ही कथा हसण्यासारखी वाटते तेव्हा हेही विसरू नये.

* * *

युद्ध संपले. फ्राक्टूरवरची बंदी उठवायला कोणी पुढे आले नाही, आणि लोकांच्या मनात तर उलटच समज रुजला. हिटलरनेच ज्या अक्षरांवर बंदी घातली ती अक्षरे जगाला हिटलरची वाटू लागली. सिनेमात नाझी दाखवायचे की फलक गॉथिक. आजचे नवनाझीही आपल्या झेंड्यांवर तीच मिरवतात. आपल्या पुढाऱ्याने त्यांना काय म्हटले होते हे त्यांच्या गावीही नसते.

इतरत्र मात्र ती सुखाने जगली. न्यूयॉर्क टाइम्सचे शीर्षनाव आजही त्याच अक्षरांत आहे. १९६७ साली त्यापुढचा पूर्णविराम तेवढा काढला. पॅरिसचे 'ल मोंद' निघाले डिसेंबर १९४४ मध्ये, म्हणजे जर्मन सैन्य शहरातून हुसकले गेल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी. तरी त्याने शीर्षनाव गॉथिकमध्येच ठेवले, कारण त्याच्या आधीच्या 'ल ताँ' या पत्राची ती खूण होती. जर्मनांच्या जाचातून नुकत्याच सुटलेल्या फ्रेंच वाचकाने त्यात जर्मनी पाहिली नाही, आपले जुने वर्तमानपत्र पाहिले. जर्मनीत खाणावळींच्या पाट्यांवर आणि बिअरच्या बाटल्यांवर ती दिसतात. मेक्सिकोच्या कोरोना बिअरवरही तीच. १९७७ साली इंग्लंडच्या मोटरहेड या कर्कश वाद्यवृंदाने आपले नाव त्याच अक्षरांत घातले, आणि तेव्हापासून जगभरच्या तरुणांच्या काळ्या बनियनवर हे काटे दिसू लागले. कुठे श्रद्धा, कुठे पदवी, कुठे बंडखोरी, कुठे बिअर! अक्षर तेच, आणि प्रत्येकाने त्यात आपापले ओतले.

* * *

छापील अक्षर असे तगून राहिले. १९४१ च्या त्या हुकमाने खरे मेले ते हस्ताक्षर.

फ्राक्टूर ही छापण्याची लिपी. रोजच्या लिहिण्यासाठी जर्मनांचे एक वेगळे, धावते, टोकदार वळण होते. त्याला 'कुरेंट' म्हणत. लुडविग झ्युटरलिन याने मुलांसाठी त्याचे सोपे रूप केले आणि १९१५ पासून ते प्रशियाच्या शाळांत शिकवू लागले. १९४१ साली छापील फ्राक्टूरबरोबर तेही शाळांतून गेले.

२०१३ साली मी लेकीकडे ऑफेनबाखला दोन महिने राहिलो. शेजारी एक वृद्ध बाई राहत. १९३५ चा जन्म. त्या शाळेत गेल्या त्याच वर्षी वळण बदलले होते. मी इतिहासाचा मास्तर आहे हे लेकीने सांगितल्यावर त्यांनी एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. आत त्यांच्या वडिलांनी रशियाच्या आघाडीवरून धाडलेली पत्रे होती. वडील परत आले नाहीत. पत्रे जुन्या वळणात. चार वर्षांनी थोरला भाऊ ते वळण शिकला होता, तो वाचून दाखवी. भाऊ गेल्यापासून डबा उघडलाच नव्हता. "माझ्याच भाषेत आहेत," बाई म्हणाल्या, "आणि मला वाचता येत नाहीत." हँबुर्गमध्ये जुने वळण येणारी म्हातारी मंडळी एकत्र बसून लोकांच्या घरची अशी पत्रे वाचून देतात, असेही त्यांनी सांगितले. पण वडिलांची पत्रे परक्याच्या हातात द्यायला त्यांचे मन होत नव्हते.

मी गप्प बसलो. कारण आमच्याही माळ्यावर एक रुमाल होता.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल. लाल किंवा मळकट कापडात बांधलेले, कडा झडलेले कागद, सगळे मोडीत. आजोबा मोडी झरझर लिहीत. आबांना ती अडखळत का होईना वाचता येई. मला एक अक्षर येत नव्हते. आपल्याकडे कोणी कोणाला शत्रू ठरवून मोडी बंद केली नाही. छपाईला आणि सरकारी कामाला बाळबोध सोयीची पडली, शाळेतून मोडी हळूहळू गेली, आणि आपण तिच्याकडे वळून पाहिले नाही. परिणाम मात्र तोच झाला. नातवाला आजोबा वाचता येईनासे झाले.

बेळगावला परतल्यावर मी रविवारच्या मोडी वर्गाला जाऊ लागलो. साठी उलटल्यावर पुन्हा कित्ता! दीड वर्षाने रुमालातला एक कागद मला लागला. जमिनीचा मोठा दस्तऐवज असेल अशी माझी कल्पना. निघाला तो विहिरीच्या पाण्याचा करार. आमच्या आणि शेजारच्या शेताच्या बांधावर एक विहीर होती. कोणत्या वारी कोणी मोट धरायची, गाळ काढायचा खर्च कसा वाटायचा, असा तो सगळा तपशील. मजकूर मराठी, अक्षर मोडी. खाली पणजोबांची सही मोडीत, आणि शेजाऱ्यांची कानडीत. दोन्ही सह्या एकाच शाईतल्या दिसतात, बहुधा एकाच दौतीतल्या.

आपल्या भागात पाट्यांवरच्या अक्षरांना डांबर फासलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कधी एका लिपीला, कधी दुसऱ्या. ज्याच्या भाषेच्या पाटीला फासले जाते, त्याला ते आपल्याच तोंडाला फासल्यासारखे झोंबते, आणि ते झोंबणे खरे असते. आपली भाषा आपल्या लिपीत वाचायचा आणि मागायचा हक्क सोडावा असे मी कधीही म्हणणार नाही. पण जर्मनांच्या या कथेने मला एक धडा दिला. अक्षराला आधी देव्हाऱ्यात बसवणारे आणि मग काळे फासणारे हात पुष्कळदा एकच असतात. त्या दोन्ही वेळी अक्षर वाचायचे मात्र राहून जाते.

तो करार मी काच लावून भिंतीवर टांगलेला नाही. त्याची बाळबोध नक्कल केली, आणि विहिरीपलीकडच्या घरी नेऊन दिली. तिथल्या आजीबाईंनी कानडी सही बोटाने चाचपून पाहिली आणि नातवाला हाक मारून सांगितले, "ह्ये बघ, तुझ्या पणजाच्या बापाचं अक्षर." मग त्यांनी मला चहा दिला आणि विचारले, "आता आणखी किती कागद वाचायचे राहिलेत तुमचे?"

बरेच राहिले आहेत.